निशाणी होडी

निपाणी, सोमवार, ४ नोव्हेंबर १९४६

ज्या कामाचा अनुभव नाही ते पत्करले, तर पहिल्या दिवसापासून त्याची टिपणे ठेवावीत, अशी माझी पद्धत आहे. विमा कंपनीत असताना ती उपयोगी पडली. निवडणुकीतही पडेल, अशी आशा करतो.

मुंबई इलाख्याच्या वरिष्ठ सभागृहातली, म्हणजे कौन्सिलातली, आमच्या विभागाची जागा सभासदांच्या मृत्यूने रिकामी झाली आहे. येथील तंबाखूच्या व्यापाऱ्यांना तंबाखूवरील जकातीचा कायदा मुळातून वाचू शकेल असा माणूस हवा होता. मी बी.कॉम. आहे, सेवानिवृत्त आहे आणि दोन वर्षांपासून निपाणीत रिकामा बसलो आहे. मी होकार दिला. होकार देताना आवाज स्थिर होता. 

विरुद्ध बाजूला नदीकाठचे देसाई आहेत. त्यांच्या वाड्यावर माणसे असतात, आणि माणसांच्या हातात काठ्या असतात.

माझी थोरली बहीण अक्काताई हे घर सांभाळते. बातमी ऐकून ती म्हणाली, "शामू, तुला कुत्रं भुंकलं तरी तू पलीकडच्या बोळातनं येतोस. तू आणि निवडणूक?"

मला वाईट वाटले, कारण तिचे म्हणणे खरे आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बेळगावास जाऊन आलो. निशाण्या वाटून झाल्या. माझी इच्छा तराजूची होती, परंतु उपलब्ध निशाण्यांत तराजू नव्हता. देसायांना घोडा मिळाला. मला होडी.

परशराम बरोबर होता. तो वखारवाल्यांच्या घरातला, तालमीत घुमलेला जवान गडी, आणि माझ्या प्रचाराची सगळी व्यवस्था त्याच्याकडे आहे. परतताना मोटारीत तो निशाणीचा कागद निरखत होता. मग म्हणाला, "आप्पा, तंबाखूच्या गावात होडी. बुडली तर धुरात बुडायची." ड्रायव्हर हसला. मी हसलो नाही. निशाणी ही निशाणी असते. तिचा गावाशी संबंध असावा, असे नियमांत कोठेही म्हटलेले नाही.

मतदार मोजकेच आहेत. मोठा सारा किंवा प्राप्तिकर भरणारे, पदवीधर, पेन्शनर, इनामदार. सभेला मात्र सगळे गाव येते, असे परशराम सांगतो. त्याच्या मते लोकांना दुसरी फुकट करमणूक नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

एक अडचण लक्षात आली. चिकोडीकडील आणि नदीकाठची कित्येक गावे कानडी आहेत. माझे बालपण निपाणीच्या मराठी गल्लीत गेले, पुढची तीस वर्षे मुंबईत. ऐकलेले कानडी विसरलो आणि शिकलेले कधीच नव्हते. ज्या भाषेचे नियम ठाऊक नाहीत तिच्यात तोंड उघडणे मी आजवर कटाक्षाने टाळले आहे.

शाळेतल्या पंतोजींकडून कानडीचे प्राथमिक व्याकरण आणले. भाषा नीटनेटकी आहे. 'नन्न' म्हणजे माझा, माझी आणि माझे. लिंगाचा घोळ नाही. 'मत कोडरी' म्हणजे मत द्या. होडीला कानडी शब्द पुस्तकात सापडला नाही. परंतु दुकान, बाजार, सरकार ही नामे दोन्ही भाषांत सारखीच आढळली, त्यावरून होडीही तशीच असावी, असा निष्कर्ष काढला. तेव्हा वाक्य असे सिद्ध झाले: 'नन्न होडी. नन्न होडी, मत कोडरी.' म्हणजे, माझी होडी. माझी होडी आहे, मत द्या. लहान, निर्दोष आणि पाठ करण्यास सोपे. कोणाला विचारून खात्री करून घ्यावी असे मनात आले. पण आपल्याच गावची भाषा या वयात विचारत फिरणे प्रशस्त वाटले नाही.

दुपारी एक सुखद गोष्ट घडली. धुण्याभांड्यांसाठी येणारी यल्लव्वा कानडी आहे. परसातून तिचा आवाज आला: "होडी, होडी!" तीसुद्धा माझा प्रचार करते आहे, हे पाहून बरे वाटले. खिडकीतून डोकावलो. ती एका कुत्र्यामागे धावत होती आणि हातात चिपाड होते. त्या चिपाडाचे प्रयोजन कळले नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पहिली कानडी सभा. गाव लहान. पारापुढे माणसे दाटीने बसलेली. मी जकातीवर मराठीत बोललो तोवर ठीक होते. शेवटी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "नन्न होडी. नन्न होडी, मत कोडरी."

एकदम शांतता पसरली.

सभेत असली शांतता मी कधी अनुभवली नाही. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून कोणी काहीतरी ओरडले आणि हशा पिकला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून जवळ आला आणि माझ्या चेहऱ्याकडे, मग खांद्यांकडे, बैल पारखावा तसा पाहत राहिला. "गंडसु," एवढेच तो म्हणाला, आणि तो शब्द सगळीकडून येऊ लागला.

हा शब्द पुस्तकात नाही. मराठीतल्या 'गंडा घालणे' याच्याशी त्याचे नाते उघड दिसते. म्हणजे मला ते लबाड समजतात.

परतताना परशराम माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होता. "आप्पा," तो म्हणाला, "तुमी असं कराल असं वाटलं न्हवतं." मी म्हटले, ठरवून आणि तयारी करून केले आहे. त्यावर त्याने माझ्या पायांना हात लावला. मला त्याचे वागणे समजले नाही, आणि न समजणारी गोष्ट मला भीती घालते.

सोमवार, १८ नोव्हेंबर

आणखी तीन गावे झाली. सर्वत्र तोच प्रकार. शांतता, मग हशा, मग 'गंडसु'. परंतु काल एका गावी हशा आला नाही. पाठीमागे काठ्या घेतलेले चौघेजण उभे होते, देसायांच्या बाजूचे. माझे वाक्य झाले तसे त्यांनी काठ्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. केवळ एवढेच केले. मी मोटारीत बसलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

हे लिहिणे अवश्य आहे: मला माराची भीती वाटते. मरणाची तितकी नाही. चव्वेचाळीस साली, मी नुकताच मुंबईहून परतलो असताना, तोंडे बांधून आलेल्या लोकांनी आमच्या गल्लीच्या टोकाच्या एका सावकाराला बाहेर ओढून तळपायांवर मारले. मी खिडकीच्या फटीतून पाहिले. पाहिलेले विसरता आले असते. आवाज विसरता येत नाही. ओले कापड दगडावर आपटावे तसा तो आवाज होता. यल्लव्वा धुणे धुते तेव्हा मी आजही पुढच्या खोलीत येऊन बसतो.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

उमेदवारी मागे घेण्याची मुदत काल संपली. ती तारीख मला पाठ होती. काल दिवसभर मी ती ठाऊक नसल्यासारखा वागलो. धैर्याने नव्हे. माघार घेतो हे परशरामला सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून.

आज बाजाराचा दिवस. अक्काताई बाजार करून आली ती घुश्शात होती. पिशवी ठेवण्याआधीच विचारू लागली.

"शामू, तू गावोगाव हिंडून काय म्हणतोस ते खरं हाय?"

"माझी निशाणी सांगतो."

"असली निशाणी सांगतात व्हय? दुसऱ्याच्या गावात उभं राहून?"

"कायद्याने मला तो हक्क आहे."

"कायदा हाडं बांधून देत न्हाय," ती म्हणाली. मग थोड्या मऊपणाने, "आईनं तुला लहानपणी बोट लावलं न्हाई, म्हणून हे सुचतंय."

आईचा येथे काय संबंध, हे विचारणार होतो. पण तिचे डोळे भरलेले पाहून विचारले नाही. तिला काहीतरी कळले आहे. ते काय, हे ऐकण्याची माझी इच्छा नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आता कळले. परशरामने स्वतः सांगितले, आणि सांगताना तो प्रसन्न होता. सदलग्यात देसायांचा मष्णू नावाचा माणूस आहे. कुस्तीच्या फडात एकेकाळी त्याच्यासमोर जोड मिळत नसे. आता देसायांच्या रानांवर नजर ठेवतो, आणि त्याच्या काठीला लोखंडी कडी आहेत. त्याने चावडीपुढे चारचौघांत निरोप ठेवला आहे: "मतदानाच्या दिवशी त्या बीकॉम आप्पाला सदलग्याला येऊ द्या. त्याची इच्छा पुरी करतो."

मी परशरामला विचारले की माझी इच्छा म्हणजे कोणती. मी मतांखेरीज कोणाकडे काही मागितलेले नाही. परशराम मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, "आप्पा, तुमी लई पोचलेलं हाय."

जेवण गेले नाही. अक्काताईने ताट उचलले.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सदलग्याला न जाण्याची कारणे शोधण्यात दिवस गेला. उमेदवाराने प्रत्येक मतदान केंद्रावर हजर असलेच पाहिजे असा नियम नाही. निपाणीचे केंद्र मोठे आहे. मी येथे थांबणे सयुक्तिक ठरेल. हे सगळे मी परशरामपुढे क्रमाने मांडले.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला की सदलग्यातले आणि आजूबाजूचे मतदार देसायांची कुळे नाहीत, पण मष्णू दारात उभा असला की त्यांचे पाय आपोआप घोड्याच्या पेटीकडे वळतात. ते कोणाची तरी वाट पाहत आहेत. "तुमी आला न्हाईसा तर तेंनी बी येणार न्हाईत. एवढं बोलून बसलाय, आता मागं फिरायचं व्हय?"

मी एवढे काय बोललो आहे? जकात. निशाणी. आणखी काय?

जायचे ठरले. ठरवले असे लिहिणार होतो, परंतु ठरवणारा मी नव्हतो.

सोमवार, २ डिसेंबर

आज मतदान झाले. जसे घडले तसे लिहितो.

सकाळी निघताना अक्काताईने माझ्या डोक्याला रुमाल घट्ट गुंडाळला, टोपीखालून. थंडी नव्हती. 

सदलग्यात चावडीत मतदान होते. चावडीभोवती जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली होती. तिच्या आत प्रचार करणे गुन्हा आहे. मी आत शिपायाजवळ उभा राहिलो. शिपाई कृश होता, परंतु सरकारी होता. दुपारी परशराम एका आजारी पेन्शनराला आणावयास मोटार घेऊन गेला. मोटारीचा धुरळा खाली बसला आणि त्यातून मष्णू आला.

तो फार उंच नाही. रुंद आहे. त्याच्यामागे गाव गोळा होत होते. रस्त्याच्या पलीकडे देसायांची मोटार उभी होती, काच खाली. मष्णू रेघेपाशी थांबला. काठी जमिनीवर आपटली, कडी वाजली. तो मराठीत बोलला, म्हणजे मला समजावे अशी त्याची इच्छा होती.

"गावोगाव सांगत हिंडलास न्हवं? आता माझ्याम्होरं सांग."

 त्या क्षणी मला जे सुचले ते येथे नमूद करतो, कारण ते विचित्र आहे. मला सुचले ते असे की मी रेघेच्या आत उभा आहे, आणि येथे निशाणीचा उच्चार केल्यास तो गुन्हा होईल व माझी उमेदवारी अडचणीत येईल. दुसरे काही सुचलेच नाही. भीतीने डोके बंद पडले की ज्याचा सराव असतो तेवढेच चालू राहते. मी चालू लागलो. रेघ ओलांडली. ती ओलांडल्यावर मष्णू इतका जवळ आला, किंवा मी त्याच्याजवळ गेलो, की त्याच्या श्वासाला येणारा तंबाखूचा वास मला आला. मी हात जोडले आणि म्हणालो, "नन्न होडी."

काठी उचलली गेली. कडी पुन्हा वाजली. मी डोळे मिटले नाहीत, कारण मिटता आले नाहीत. 'मत कोडरी' हे राहिले आहे, हे आठवून तेही म्हणालो.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मष्णू माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता. खाली, माझ्या पायांकडे पाहत होता. मग काठी हळूच खाली आली. "न्हाय व्हत माझ्याच्यानं," तो म्हणाला, आणि रेघेवरच उकिडवा बसला.

कोणी ओरडले, "गंडसु!" मग सगळे. देसायांच्या मोटारीची काच वर गेली. लोक चावडीत जाऊ लागले. मी कडुलिंबाच्या मागे जाऊन ओकलो. ते कोणी पाहिले नसावे.

गुरुवार, ५ डिसेंबर

बेळगावास मोजणी झाली. पडलो. देसाई चांगल्या फरकाने आले. परंतु सदलग्याची मते होडीच्याच पेटीत निघाली, जवळजवळ सगळी. देसायांनी माझा हात हातात घेतला आणि सौजन्याने म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस माझ्या पदरी असता तर." मी त्यांचा जमाखर्च उत्तम ठेवला असता, असे त्यांना म्हणावयाचे असेल.

हरलो याचे दुःख होत नाही. घरी आलो, पालथा पडलो आणि झोपलो.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी यल्लव्वा परसात पुन्हा त्या कुत्र्यामागे लागली. "होडी, होडी!" मी गमतीने खिडकीतून म्हणालो, यल्लव्वा, निवडणूक संपली, आता होडी कशाला. ती चिपाड हातात धरून थांबली आणि अक्काताईकडे पाहू लागली. अक्काताई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात तसाच राहिला.

"शामू," ती म्हणाली, "होडी म्हंजे काय?"

"नाव. पाण्यातली."

"आणि कानडीत?"

 माझ्या डोळ्यांपुढे चिपाड होते, आणि कुत्रे.

"मार," ती म्हणाली. "होडी म्हंजे मार. बोलण्यात नन्न म्हंजे मला बी. नन्न होडी म्हंजे मला मार. तुला ठावं नव्हतं?"

यल्लव्वाने पदर तोंडात घातला. अक्काताई आधी हसली. खूप हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली, उठली आणि माझ्या खांद्यावर घोंगडे टाकले, कारण माझे दात वाजत होते.

मी प्रत्येक गाव आठवले. पार. ती शांतता. हात बदलणाऱ्या काठ्या. प्रत्येक ठिकाणी हात जोडून, सुस्पष्ट उच्चारात, मी त्यांना सांगत होतो की मला मारा. मष्णूला तर दोन पावलांवरून. सदलग्यातली भीती सदलग्यातच राहिली, असे मला वाटत होते. ती आता आली आहे, आणि या वेळी तिला अर्थ आहे.

'गंडसु' म्हणजे मर्द, असे यल्लव्वाने सांगितले. मी तिला पुन्हा विचारले. ती पुन्हा तेच म्हणाली.

"कुणाला सांगू नको," अक्काताई म्हणाली. "लोकांत नाव झालंय, ऱ्हाऊ दे."

मंगळवार, १४ जानेवारी १९४७, संक्रांत

महिनाभर घराबाहेर पडलो नाही. प्रकृतीचे कारण सांगितले. आज सकाळी दारात छकडा उभा राहिला आणि त्यातून मष्णू उतरला. हातात काठी नव्हती, चाबूक होता. अक्काताई दारात आडवी उभी राहिली. तो चपला काढून पायरीवर बसला आणि म्हणाला, "आक्का, आप्पांना न्यायला आलोय. आज आमच्यात कुस्त्यांचा फड हाय. तेंनी हलगीम्होरं उभं ऱ्हाऊन ते एकदा म्हणायचं. सगळ्या गावची इच्छा हाय."

नको म्हणण्यासाठी मी तोंड उघडले. परंतु आज मला दोन्ही भाषांत नको म्हणता येत होते आणि दोन्हींत नको म्हणणे सारखेच खोटे वाटले. कोट चढवला. अक्काताईने रुमाल पुढे केला. मी तो परत दिला.

बोरगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा मी ते सांगून टाकले. म्हटले, मष्णू, तू गावाला काही सांगण्याआधी एक गोष्ट ऐक. मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. मी धीट नाही. त्या दिवशी मी इतका भ्यालो होतो की काय बोलतो आहे तेही कळत नव्हते.

त्याने बैलांवरची नजर हलवली नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "धोतर हालत व्हतं तुमचं. वारं न्हवतं."

 मग मी विचारले, कोणाला सांगितलेस का?

"कशाला सांगू? मग तू का मारलं न्हाईस, म्हणून मलाच इचारतील."

सदलग्याजवळ दूधगंगा दिसू लागली. लांबून हलगी ऐकू येत होती, आणि माझे गुडघे पुन्हा आपले काम करू लागले होते. मष्णूने एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, छकडा थांबवला आणि चाबकाने काठाकडे दाखवले. तेथे चिखलात एक जुनी नाव पालथी घातलेली होती.

"दोणी," तो म्हणाला. "कानडीत तेला दोणी म्हणत्यात. आप्पा, आज तेवढं म्हटलं तरी चालंल."

मी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. सोपा आहे. मग म्हणालो, नको, लोक दुसरा ऐकायला आले आहेत, हाक छकडा.